रोग मागे फिरतो का?

पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबले, की त्या पाण्यातून वाट काढत घरी पोहोचलेल्यांना महापालिकेचे आरोग्य खाते डॉक्सिसायक्लिन घेण्याचा सल्ला देते. लेप्टोस्पायरोसिसला आळा घालणारे हे जुने आणि स्वस्त प्रतिजैविक. जगभरच्या प्रयोगशाळांनी गेली तीस वर्षे त्याला आणखी एका कामाला जुंपले आहे. उंदराच्या शरीरात मुद्दाम घातलेले जनुक हवे तेव्हा चालू वा बंद करायचे, हे ते काम. ‘उंदरांमधील स्मृतिभ्रंश बरा झाला’ किंवा ‘गाठ विरघळली’ अशा मथळ्यांमागे बरेचदा असेच उंदीर असतात. म्हणून ही पद्धत काय सिद्ध करते आणि कुठे थांबते, हे वाचकांनी जाणून घ्यायला हवे.

परक्या जनुकाचे, म्हणजे ट्रान्सजेनिक उंदीर 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तयार होऊ लागले. अमेरिकेत रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांनी 1982 मध्ये घुशीच्या जातकुळीतल्या रॅट या प्राण्याचे वाढीच्या संप्रेरकाचे जनुक उंदरात घातले, तेव्हा काही पिले भावंडांच्या जवळजवळ दुप्पट वाढली. पुढे एखादे जनुक नेमके निकामी करण्याचे तंत्रही आले. त्याबद्दल मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना 2007 चे नोबेल मिळाले. पण या दोन्ही तंत्रांत बदल गर्भापासूनच असतो. महत्त्वाचे जनुक काढले तर पिलू पोटातच दगावते. जगलेच तर शरीर दुसऱ्या मार्गाने उणीव भरून काढते. मोठेपणी जडणाऱ्या रोगाचा अभ्यास करायचा, तर जनुकावर वेळेचे नियंत्रण हवे होते.

ते हायडेलबर्गच्या मानफ्रेड गोसेन आणि हेर्मान बुयार्ड यांनी 1992 मध्ये मिळवून दिले, तेही एका जिवाणूकडून उसने घेऊन. टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत एक प्रथिन डीएनएच्या ठरावीक जागी बसून राहते आणि पुढचे जनुक दाबून ठेवते. औषध आत शिरले, की ते या प्रथिनाला चिकटते, प्रथिन जागा सोडते आणि औषध बाहेर फेकणारा पंप तयार होऊ लागतो. गोसेन-बुयार्ड यांनी या प्रथिनाला नागिणीसारख्या फोडांच्या विषाणूकुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्सच्या एका प्रथिनाचा तुकडा जोडला. त्यामुळे त्याचा स्वभावच पालटला: ते डीएनएवर बसले की जनुक चालू, औषधाने ते उठले की जनुक बंद. 1995 मध्ये त्यांच्याच गटाने याची उलटी आवृत्ती काढली. तिच्यात औषध दिल्यावर जनुक चालू होते. पहिलीला ‘टेट-ऑफ’ म्हणतात, दुसरीला ‘टेट-ऑन’.

प्रत्यक्षात यासाठी उंदरांचे दोन वाण लागतात. एका वाणात हे नियंत्रक प्रथिन असते आणि ते मेंदूत बनावे, यकृतात की स्तनग्रंथीत, हे आधी ठरवलेले असते. दुसऱ्यात अभ्यासाचे जनुक असते, पण नियंत्रकाशिवाय ते जवळपास मुके. दोहोंचा संकर केला की मेंडेलच्या नियमाप्रमाणे साधारण चारातल्या एका पिलात दोन्ही येतात. कोणते पिलू कामाचे, हे कानाचा किंवा शेपटीचा बारीकसा तुकडा तपासून कळते. पुढचा कारभार साधा आहे. डॉक्सिसायक्लिन खाद्यातून किंवा पाण्यातून दिले जाते. ते कडू असल्याने पाण्यात साखर घालतात आणि उजेडाने बिघडते म्हणून बाटली झाकून ठेवतात.

या साध्या व्यवस्थेने केवढा मोठा प्रश्न सोडवला, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील आय यामामोटो, होसे लुकास आणि रेने हेन यांचे 2000 मधील संशोधन. हंटिंग्टन हा आनुवंशिक रोग. एका जनुकातली तीन अक्षरांची पुनरावृत्ती वाढत जाते आणि ऐन उमेदीत माणसाचा हालचालींवरचा ताबा सुटतो. या गटाने 94 पुनरावृत्ती असलेला जनुकाचा तुकडा उंदरांच्या मेंदूत चालू ठेवला. निरोगी उंदराला शेपटीला धरून उचलले, तर तो पाय फाकवतो. हे उंदीर पाय पोटाशी आवळून घेत. 18 आठवड्यांनंतर काहींच्या पाण्यात औषध घालून जनुक बंद केले आणि 16 आठवडे वाट पाहिली. मेंदूतल्या प्रथिनांच्या गुठळ्या ओसरल्या आणि पाय आवळणेही कमी झाले. रोग दिसू लागला म्हणजे सारे संपले, ही समजूत इथे ढासळली. विकृत प्रथिन सतत बनत राहते म्हणूनच रोग टिकतो, हेही उघड झाले.

कर्करोगातही हेच घडले. 1999 मध्ये लिंडा चिन आणि सहकाऱ्यांनी ‘टेट-ऑन’ उंदरांत औषध देऊन ‘रास’ जनुक चालू केले, त्वचेच्या मेलानोमाच्या गाठी वाढवल्या आणि नंतर औषध थांबवले. वाढलेल्या गाठी आक्रसल्या. ज्या जनुकाने गाठ सुरू केली, ते पुढेही तिच्या जगण्याला लागते, याचा हा थेट पुरावा होता. दुसऱ्या एका तंत्राने, एडिनबराच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने 2007 मध्ये स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषध वापरून मुख्यतः मुलींना होणाऱ्या रेट सिंड्रोम या मेंदूविकाराच्या उंदरांमधले बंद जनुक चालू केले आणि आजारी उंदीर सावरले. मात्र जनुक झपाट्याने चालू केलेल्या उंदरांपैकी काही दगावले. सावकाश मात्रा दिलेले तरले. उपचार योग्य असला तरी त्याची गती चुकू शकते, हा धडा त्याच शोधनिबंधात आहे.

हे सारे परदेशातच चालते असेही नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने ‘टेट’ पद्धतीचेच दुहेरी वाण वापरून 2020 मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. मेंदूच्या पुढच्या भागातील उत्तेजक चेतापेशींवर त्यांनी एका विशिष्ट औषधालाच ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) बसवला. जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते औषध देऊन या पेशी चेतवल्या, तर मोठेपणी उंदरांत चिंता आणि हताशपणाची लक्षणे दिसली. हेच किशोरवयात किंवा प्रौढपणी केले, तर तसे झाले नाही. बालपणीच्या आघाताची छाया पुढे का राहते, या प्रश्नाला इथे दिवसांच्या हिशेबात हात घालता आला. प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींना बालपणही नसते आणि वागणूकही. म्हणून असे प्रश्न तिथे सुटत नाहीत.

तरीही या उंदरांच्या साक्षीची उलटतपासणी व्हायलाच हवी. 2005 मध्ये मिनेसोटातील कॅरेन ॲश यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाशी जोडलेल्या ‘टाउ’ प्रथिनाचे जनुक दाबून उंदरांची स्मृती सुधारल्याचे दाखवले. मेंदूतल्या टाउच्या गुंत्यांची वाढ मात्र थांबली नाही. म्हणजे स्मृती बिघडवणारे ते गुंतेच नव्हेत, असा अर्थ निघाला आणि हे वाण जगभर वापरात आले. पण 2019 मध्ये आढळले, की बाहेरचे जनुक घुसताना उंदराची स्वतःची काही जनुके, त्यात चेतापेशींना लागणारे एफजीएफ-14 हेही, मोडली होती. रोगाचा काही भाग त्या मोडतोडीचा होता. डॉक्सिसायक्लिनही निरुपद्रवी नाही. आतड्यातले जिवाणू ते बदलते आणि पेशींच्या ऊर्जाकेंद्रांतील प्रथिननिर्मिती मंदावते. त्यामुळे औषध मिळालेले पण जनुक नसलेले, जनुक असलेले पण औषध न मिळालेले आणि फक्त नियंत्रक असलेले, असे सगळे गट शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्षाला वजन येत नाही.

माणसापर्यंतचे अंतर तर याहून मोठे. हंटिंग्टनच्या रुग्णांमध्ये त्या प्रथिनाचे प्रमाण घटवणारे टोमिनर्सेन हे औषध रोश कंपनीने मोठ्या चाचणीत उतरवले. मार्च 2021 मध्ये ते देणे थांबवावे लागले. उंदरात बाहेरून घातलेले विकृत जनुकच बंद झाले होते. या औषधाने विकृत आणि निरोगी अशी दोन्ही प्रथिने घटत होती, तीही अंशतः आणि पाठीच्या कण्यात दिलेल्या इंजेक्शनने. पण त्यामुळे उंदरांवरचा प्रयोग खोटा ठरत नाही. कारण दूर केले तर रोग काही अंशी मागे फिरू शकतो, एवढेच त्याने सांगितले होते. माणसात ते कारण कसे, केव्हा आणि किती दूर करायचे, हे तो प्रयोग सांगूच शकत नव्हता.

राहिला प्रश्न प्राण्यांचा. चारातले एक पिलू कामाचे असेल, तर उरलेल्या तिघांपैकी काही तुलनेसाठी लागतात आणि बाकीचे बहुधा मारले जातात. शोधनिबंधात प्रयोगातल्या उंदरांची संख्या असते, या पिलांची क्वचितच. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समिती आणि प्रत्येक संस्थेची नीतिसमिती परवानगी देतात, तर जनुकबदलासाठी 1989 च्या नियमांखाली जैवसुरक्षेची वेगळी तपासणी होते. 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांऐवजी अन्य चाचण्यांनाही जागा देण्यात आली, हे स्वागतार्ह आहे. विषबाधेची तपासणी मानवी पेशींवर होऊ शकत असेल, तर ती तिथेच व्हावी. वेळ, वागणूक आणि रोगाचे मागे फिरणे यांच्या अभ्यासाला मात्र आज तरी जिवंत प्राणी लागतो. म्हणूनच जन्माला घातलेल्या सर्व पिलांची संख्या शोधनिबंधात देणे, जनुक डीएनएत कुठे घुसले हे प्रयोगाआधी तपासणे आणि एका संस्थेने तयार केलेले वाण दुसरीला देणे, या तीन अटी अर्थसाहाय्य देणाऱ्या सरकारी यंत्रणांनी घालाव्यात. या अटींना फारसा खर्च नाही. शास्त्रज्ञांचा त्रास थोडा वाढेल, पण चुकीच्या वाणावर फुकट जाणारी वर्षे आणि प्राणी दोन्ही वाचतील.