वारा कुठून येतोय? – गळ टाकणाऱ्या मुलांकडून शिकण्यासारखा हवामानाचा धडा



तिसरी-चौथीच्या वर्गात "हवामान म्हणजे काय?" असं विचारलं की उत्तर धडाधड येतं, कारण ते पाठ असतं. पण "आज वारा कोणत्या दिशेने येतोय?" असं विचारा. वर्ग गप्प होतो. आमच्या चाळीसगाव तालुक्यात मात्र अशा वेळी एक-दोन हात हमखास वर जातात, आणि ते बहुतेक मागच्या बाकावरचे असतात. गिरणा, तितूर किंवा मन्याडच्या काठाला राहणारी, वडिलांसोबत, काकांसोबत मासे धरायला जाणारी ही मुलं. वाचनात अडखळणारी, पावसाळ्यात गैरहजर राहणारी म्हणून हजेरीपत्रकावर त्यांची ओळख असते. माझं मत असं आहे की हवामानाचा धडा या मुलांच्या तोंडून सुरू झाला पाहिजे. कारण त्यांच्या घरी वाऱ्याचा अंदाज चुकला तर त्या दिवशी जाळं रिकामं येतं.

त्यांना जे ठाऊक असतं ते विज्ञानाच्या भाषेत मांडून पाहूया.

वारा आणि काठ

पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. तो धरणाच्या पाण्यावरचा वरचा थर पुढे ढकलतो. त्या थरासोबत शेवाळाचे कण, किडे, पाण्यात पडलेलं बी-पान असं सगळं समोरच्या काठाला जाऊन साचतं. जिथे खाणं, तिथे मासा. म्हणून पश्चिमेचा वारा असला की जाणता माणूस पूर्वेच्या काठावर गळ टाकतो. शिवाय लाटांमुळे पाण्याचा आरसा मोडतो. काठावरच्या माणसाची सावली, हालचाल माशाला नीट दिसत नाही आणि तो काठाजवळ यायला घाबरत नाही.

पण हाच वारा जाळं फेकणाऱ्याला नडतो. समोरून वारा आला तर जाळं गोल उघडतच नाही, गुंडाळून पडतं. म्हणून फेकताना वारा पाठीशी घ्यावा लागतो. म्हणजे मासा एका काठाला आणि जाळं फेकायची सोय दुसऱ्या काठाला! हा पेच सोडवणाऱ्या मुलाला आपण "लक्ष नसतं याचं" म्हणतो.

ऊन, थंडी आणि प्राणवायू

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम. आपल्या खान्देशातला मे महिना आठवा. दुपारी वरचं पाणी तापतं आणि मासा खोल डोहात जाऊन बसतो. म्हणून उन्हाळ्यात गळ टाकायचा तो पहाटे नाहीतर दिवस मावळताना.

हिवाळ्यात उलटं. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झालं की त्याची हालचाल आणि भूक दोन्ही मंदावतात. डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आल्यावर, दुपारकडे तो खायला निघतो. "उन्हाळ्यात पहाटे, हिवाळ्यात दुपारी" हा नियम आमच्या मुलांना पाठ असतो. कारण मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं आपलं काम आहे.

इथे जगाचं एक उदाहरण वर्गात जरूर सांगा. काश्मीर आणि हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा आहे. इंग्रजांच्या काळात तो परदेशातून तिथे आणला गेला. त्याला गार पाणीच लागतं. पाणी २० अंशांच्या पुढे गेलं की तो कासावीस होतो. त्याला धरायला पीस आणि दोऱ्याचा खोटा किडा बनवून तो पाण्यावर अलगद टाकतात. किडा इतका हलका, की वारा थोडा वाढला तरी नेम चुकतो. पण काठावरच्या गवतातले खरे किडेही तोच वारा पाण्यात पाडतो आणि ट्राउट तिथेच खायला येतो. मासा वेगळा, नदी वेगळी, तरी वाऱ्याचा हिशोब मन्याडसारखाच!

आभाळ, झड आणि चढण

पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. चार-पाच दिवस आभाळ भरून राहिलं आणि वाराही पडला तर प्राणवायू तयारही कमी होतो आणि पाण्यात मिसळतही नाही. मग पहाटे तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. मुलांना वाटतं, मासे पाऊस बघायला आले! खरं तर ते गुदमरत असतात. वारा सुटला, पाणी हललं की ते पुन्हा खाली जातात. वारा म्हणजे तळ्याचा श्वासच म्हणा ना.

मृगाचा पाऊस होऊन ओढे-नाले वाहू लागले की येते चढण. मासे प्रवाहाच्या उलट दिशेने, उथळ पाण्याकडे निघतात, कारण त्यांना अंडी घालायची असतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच तळ्यांत आणि धरणांत बोटुकली आणून सोडावी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली आणि मत्स्यबीजाचा मार्ग मोकळा झाला. म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यपालक दिन पाळतात. चढणीचा मासा धरायला सोपा असतो, हे खरं. पण तो अंड्यांनी भरलेला असतो, आणि तो धरला तर पुढच्या वर्षीचं जाळं हलकं होणार, हेही मुलांशी बोलायला हवं.

ऐकलेलं सगळं खरं मानायचं का?

नाही. हाच तर विज्ञानाचा धडा आहे. "हवेचा दाब उतरला की माशाला कळतं, तो खाणं सोडतो" असं खूप जण सांगतात. पाचवी-सहावीच्या मुलांना एक हिशोब करायला द्या. समजा पावसाळी हवेत दाब १० मिलिबारने उतरला. पाण्यात साधारण १० सेंटिमीटर खाली-वर झालं तरी दाबात तेवढाच फरक पडतो! म्हणजे मासा वीतभर सुद्धा हलला नाही तोच त्याला तेवढा बदल जाणवतो. मग नुसत्या दाबामुळे तो उपाशी कसा बसेल? दाबासोबत बदलणारं ऊन, वारा, पाण्याचा गढूळपणा ही कारणं जास्त पटतात. जुन्या माणसांचं निरीक्षण बरोबर आणि कारण वेगळं, असं होऊ शकतं. हे मुलांना एकदा कळलं की ती आयुष्यभर विचार करतील.

वर्गात काय करता येईल?

खर्च शून्य. एका काठीला कापडाची पट्टी बांधा. पट्टी पूर्वेला उडाली तर वारा पश्चिमेचा, ही गंमत आधी समजावा, कारण इथे मोठी माणसंही चुकतात. मग वहीत पाच रकाने आखा : तारीख, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, आभाळ, आणि घरी मासा मिळाला का. जोरासाठी १८०५ साली ब्युफोर्ट या आरमारी अधिकाऱ्याने केलेल्या पायऱ्या वापरा. धूर सरळ वर गेला तर ०. पानं सळसळली तर २. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलल्या तर ३. धूळ आणि कागद उडू लागले तर ४. १० जुलैला वही सुरू करा, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठेवा. वाचन, लेखन, मोजणी, तक्ता, सगळं त्यात येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवातून शिक्षण म्हटलंय, ते याहून वेगळं काय?

पायरी ४ ला आणखी एक महत्त्व आहे. धरणावर एवढ्या वाऱ्यात लाटांना पांढरे तुरे येऊ लागतात. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर बसून पाण्यात जाणाऱ्या पोराने तेव्हा काठावर यायचंच. वीज चमकली, गडगडलं तर काठही सोडायचा. गिरणेला आवर्तन सुटणार असेल तर पात्रात उतरायचं नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीचा पूर चाळीसगावकरांनी पाहिला आहे. डोंगरात रात्री पडलेला पाऊस सकाळी गावात येतो, हे आपल्या मुलांना वेगळं सांगायला नको. पण वहीत लिहिलेलं आणि वर्गाने मिळून ठरवलेलं मूल लक्षात ठेवतं.

दोन शंका

पहिली, "मॅडम, अशाने मुलं शाळा सोडून धरणावर जातील." जी जातात ती आत्ताही जातात. पण शाळेत आपल्या कामाचं नाव कुणी घेत नाही, घेतलं तर हसण्यासाठी घेतं, हे त्यांना कळतं. ज्या दिवशी त्यांची वही फळ्यावर उतरेल, त्या दिवशी शाळेत यायला त्यांना एक कारण मिळेल. दुसरी शंका काही पालकांची : "आमच्या घरी मासा चालत नाही, शाळेत कशाला?" ताई-दादांनो, कुणाला मासा खायला सांगत नाही. आपण वारा, पाणी आणि प्राणवायू शिकतोय. तुमच्या मुलानेही तीच वही ठेवावी. माशाच्या रकान्याऐवजी त्याने कपाशीवर फवारणी झाली का ते लिहावं. वारा दोघांनाही सारखाच लागतो.

शेवटी एवढंच. "सर, आज वारा शे" असं एखादं मूल अहिराणीत म्हणालं तर आधी त्याची भाषा सुधारायला जाऊ नका. "कुठून येतोय? आणि तुला कसं कळलं?" एवढंच विचारा. मग वर्गाला ऐकू द्या.