धावणाऱ्याचे घड्याळ : गुण किती, दोष किती?

रविवारी पहाटे बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये धावायला येणाऱ्या मंडळींची एक सवय चटकन नजरेत भरते. पहिले पाऊल टाकण्याआधी ती क्षणभर थांबतात आणि मनगटाकडे टक लावून पाहतात. आकाशातले उपग्रह घड्याळाला सापडण्याची ती वाट असते. सापडले की घड्याळ थरथरते आणि मगच धाव सुरू होते.

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या शहराची सकाळ थंड असते. २००८ पासून येथे भरणाऱ्या दहा किलोमीटरच्या 'वर्ल्ड टेन-के' शर्यतीने चाळिशी-पन्नाशीच्या गृहस्थांना आणि गृहिणींनाही बूट घालायला लावले. बुटांपाठोपाठ घरात येते ते जीपीएस घड्याळ. बाबांच्या वाढदिवसाला मुलगा ते हौसेने आणतो. किंमत काही हजारांपासून पन्नास हजारांच्याही पुढे जाते. तेव्हा एवढा पैसा टाकण्याआधी ते काय करते आणि काय करू शकत नाही, हे घरातल्या सर्वांनीच समजून घ्यायला हवे.

घड्याळाला रस्ता कसा कळतो?

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांचे संदेश घड्याळापर्यंत यायला लागलेल्या वेळावरून प्रत्येकाचे अंतर निघते. किमान चार उपग्रह दिसले की आपली जागा ठरते. आजची बरीच घड्याळे रशिया, युरोप आणि चीन यांच्या उपग्रहांचीही मदत घेतात.

भारताची स्वतःची यंत्रणा म्हणजे 'नाविक'. ती उभारणाऱ्या इस्रोचे मुख्यालय बंगळुरूतच आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहापासून घड्याळासारख्या लहान उपकरणांना सोयीचा संदेशही त्यात आला. मात्र जुन्या काही उपग्रहांतील अणुघड्याळे बिघडली. म्हणून केवळ 'नाविक' लिहिले आहे एवढ्यावर भुलून जाऊ नये. घड्याळ एकाहून अधिक यंत्रणा वापरते ना, हे पाहावे.

जमेची बाजू

नवशिक्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याचा स्वतःचा उत्साह. पहिला किलोमीटर तो वाऱ्यासारखा पळतो आणि तिसऱ्याला कमरेवर हात ठेवून उभा राहतो. घड्याळ वेग दाखवते, त्यामुळे त्याला वेळीच आवर घालता येतो. आठवड्याला किती धावलो याची नोंद राहिली की एकदम अंतर वाढवून गुडघे दुखवून घेण्याचा मोह टळतो. अनोळखी वस्तीत वाट चुकली, तर अनेक घड्याळे आल्या वाटेने परत आणून सोडतात. शिवाय खिशात फोन आदळत नाही, ते सुख वेगळेच.

जिथे घड्याळ चुकते

घड्याळाला मोकळे आकाश लागते. कब्बन पार्कातील जुन्या झाडांची दाट छाया, उंच इमारती, महात्मा गांधी रस्त्यावरचा मेट्रोचा पूल अशा ठिकाणी संदेश अडतात किंवा भिंतींवर आपटून उशिरा येतात. मग नकाशावर माणूस चक्क इमारतीतून पळालेला दिसतो! दोन वारंवारतांवर चालणारी घड्याळे इथे बरी ठरतात, पण त्यांची बॅटरी लवकर संपते.

शर्यतीच्या दिवशी हा दोष विशेष जाणवतो. 'रस्ता लांब मोजला होता' अशी तक्रार हमखास ऐकू येते. वास्तविक मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग खास मोजयंत्र लावलेल्या सायकलने, वळणांवरही कमीत कमी अंतराची रेषा धरून मोजतात. वर हजारात एक या हिशेबाने, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर, जास्तच धरतात. गर्दीतून वाट काढणारा धावपटू मात्र या रेषेवरून जात नाही, त्यात घड्याळाची चूक मिसळते. शेवटी आकडा १०.२ किलोमीटर दिसला, तर नवल नाही.

याचा परिणाम पाहा. एका तासात दहा किलोमीटर पुरे करायचे म्हणून कोणी किलोमीटरला बरोबर सहा मिनिटे हा वेग घड्याळावर सांभाळला, तर १०.२ किलोमीटरला त्याला ६१ मिनिटे १२ सेकंद लागतील. महिनोन्‌महिन्यांची मेहनत सव्वा मिनिटाने हुकेल! उपाय सोपा आहे. फेरी नोंदवण्याचे बटण घड्याळाच्या भरवशावर न सोडता रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः दाबावे, किंवा वेग ५ मिनिटे ५३ सेकंदांचा धरावा.

हृदयाचे आकडे आणि हृदय

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्ताची हालचाल टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असेल किंवा हात थंड असेल, तर आकडे चुकतात. कधीकधी तर ते ठोक्यांऐवजी पावलेच मोजते. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युतसंदेश टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा.

बरीच घड्याळे '२२० वजा वय' या ठोकताळ्यावर जास्तीत जास्त ठोके ठरवतात. पन्नाशीच्या माणसाला त्यातून १७० हा आकडा मिळतो. पण धडधाकट माणसांतही खरा आकडा दहा-बाराने इकडेतिकडे असू शकतो. म्हणून तो लक्ष्मणरेषा समजू नये.

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बंगळुरूत हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ४६. नियमित व्यायामासाठी ते प्रसिद्ध होते. त्यानंतर शहरातील जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगांमागची भीती खरी होती, आणि तिचे उत्तर मनगटावर नाही. काही घड्याळे ईसीजी काढतात, ठोक्यांतील अनियमितपणाही दाखवू शकतात. परंतु हृदयविकाराचा झटका ती ओळखत नाहीत. छातीवर दडपण, जबडा किंवा हातात कळ, थंड घाम, चक्कर यांपैकी काही जाणवले, तर आकडा कितीही चांगला असो, तिथेच थांबावे आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. चाळिशीनंतर धावायला सुरुवात करणाऱ्याने, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास, घड्याळाच्या आधी डॉक्टरांची फी भरावी.

घरचा पत्ता सांभाळा

धावण्याची नोंद ज्या अ‍ॅपवर चढते, तिथून तुमचा रस्ता आणि वेळ परक्यालाही कळू शकते. 'स्ट्राव्हा' या अ‍ॅपच्या जगाच्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. जवानांचे जे झाले, ते एकट्याने पहाटे धावणाऱ्या लेकीसुनांच्या बाबतीतही होऊ शकते. घराजवळचा भाग लपवण्याची सोय अ‍ॅपमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. घरच्यांना आपली जागा सतत कळवायची असेल, तर बहुतेक घड्याळांना सोबत फोन लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी

• बॅटरी 'किती दिवस' चालते हे न विचारता जीपीएस चालू ठेवून किती तास चालते, ते विचारा.
• घामेजल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही. बटणे असलेले घड्याळ धावताना सोयीचे.
• दुरुस्तीचे केंद्र आपल्या शहरात आहे का, पट्टा सहज बदलून मिळतो का, ते पाहा.
• आणल्यावर चारशे मीटरच्या ट्रॅकवर आतल्या कडेने दहा फेऱ्या मारा. आकडा चार किलोमीटरच्या किती जवळ येतो, त्यावरून घड्याळाची पारख होईल.

शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. जीपीएसचा पहिला उपग्रह त्याच वर्षी फेब्रुवारीत आकाशात गेला होता, मनगटापर्यंत यायला त्याला पुष्कळ अवकाश होता. श्वास, पाय आणि सराव एवढ्याच भांडवलावर तो विक्रम झाला.

म्हणून आठवड्यातून एक दिवस घड्याळ घरीच ठेवावे आणि सोबत्याशी गप्पा मारत धावावे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे. शब्द तुटू लागले, तर थोडे सावकाश. ही खूण फुकट मिळते आणि तिची बॅटरीही कधी उतरत नाही.