सोनं पावसात उगवतं
कोलकात्यात एस्प्लनेडला मेट्रोतून वर आलं, की न्यू मार्केट हाकेच्या अंतरावर. १८७४ पासूनच्या या बाजारातली फुलं पाहिली, की वाटतं, परदेशी चित्रातला सोनेरी क्रोकस आपल्याही कुंडीत वसंतात उमलावा. क्रोकस म्हणजे केशराचा सख्खा भाऊबंद. पण फुलायला त्याच्या कंदाला काही आठवडे कडक थंडी लागते, आणि कोलकात्याचा जानेवारीही त्याला उबदारच. मग हट्ट सोडावा, पिवळ्या रेन लिलीचे कंद घ्यावेत. तशीच बुटकी, तसाच इवलासा पेला. फक्त वसंताऐवजी पावसाच्या सरींनंतर उमलणारा. कंद निवडताना बाजारात लसूण पारखणारी आजी आठवावी: दाबून टणक, आकाराच्या मानाने जड, बुडाशी बुरशी नाही. दोन इंच खोल, शेंडा वर, पाच-सात एकत्र लावावेत. परदेशी फुलांचा हा हट्ट इथे नवा नाही: विल्यम कॅरी यांनी १८२० मध्ये याच शहरात अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापली. परदेशी रोपं इथल्या मातीत रुजवून पाहणं हे तिचं जुनंच काम. त्यातून माळ्यांनी शिकायचं ते इतकंच: फूल आपण निवडतो खरं, पण शेवटचा होकार हवेचा असतो.