अतिनील दिवा आणि सूर्याचे लेखकत्व

सायनोटाइप, प्लॅटिनम यांसारख्या जुन्या पद्धतींनी छायाचित्रे छापणाऱ्यांमध्ये एक सोवळे रूढ झाले आहे: छाप उन्हातच घ्यावी, अतिनील नळ्यांखाली घेतलेली छाप बाटलेली. हे सोवळे आम्हांला मान्य नाही. त्याची मुळे रसायनशास्त्रापेक्षा वाङ्मयात अधिक आहेत, म्हणूनच येथे त्याचा परामर्श घेत आहोत.

१८४४ ते १८४६ या काळात भागश: निघालेल्या आपल्या पुस्तकाला विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 'द पेन्सिल ऑफ नेचर' असे नाव दिले. चित्रांचा कर्ता निसर्ग, असा त्यामागचा दावा. प्रत्यक्षात इंग्लंडातील रेडिंग येथे निकोलास हेनेमन यांच्या देखरेखीखाली माणसे कागदाला क्षार लावीत, छपाईच्या चौकटी उन्हात मांडीत. श्रेय सूर्याला गेले. ही माणसे शीर्षकातून गळाली. 'आमचे चित्र सूर्याने छापले' ही आजची मिरवणूक त्याच दाव्याची पुनरावृत्ती होय.

बरे, परंपरा तरी यांच्या बाजूने आहे काय? जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइप शोधला. त्याच तत्त्वावरचे अभियंत्यांचे ब्ल्यूप्रिंट विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या आर्क दिव्यांखाली छापले जात होते. दिवा परंपरेत केव्हाच बसला आहे.

कागदावरील लोहक्षारांना मुख्यतः ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या लहरी हव्या असतात. त्या कोठून आल्या याची त्यांना क्षिती नसते. ३५० ते ३७० च्या आसपास जोर असलेल्या, जवळजवळ बसवलेल्या नळ्या पुरेशा आहेत. काळ्या-जांभळ्या काचेच्या नळ्या दृश्य प्रकाश गाळतात, एवढेच. त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. एलईडी घेताना मात्र 'यूव्ही' एवढ्या अक्षरांवर विसंबू नये. ३६५ आणि ४०५ यांत फार अंतर आहे. जंतुनाशक दिवा तर वर्ज्यच: त्याच्या २५४ नॅनोमीटरच्या लहरी चौकटीची साधी काच अडवते, आणि उघड्यावर त्या डोळ्यांना व त्वचेला इजा करतात.

ऊन फुकट आहे, प्रखर आहे. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने ते खुशाल वापरावे. परंतु वैशाखातले ऊन आषाढात नसते, दुपारचे सकाळी नसते. छाप बिघडली तर दोष कागदाचा, द्रावणाचा, निगेटिव्हचा की आभाळाचा, हे कसे ठरवणार? स्थिर दिवा, ठरलेले अंतर आणि स्टेप टॅब्लेट असली की आभाळ या यादीतून वजा होते आणि उरलेल्यांची तपासणी करता येते. मात्रा मोजल्याने कविता बाटत नाही. मिनिटे मोजल्याने छाप कशी बाटेल?

दिवा निवडणे म्हणजे चित्राची जबाबदारी पत्करणे. ज्यांना ती नको असेल त्यांनी सूर्याला अवश्य नमस्कार करावा. चित्राखाली त्याची सही मात्र घेऊ नये.