संग्रहालयातील सेवा

स्वयंसेवक म्हटला, की यात्रेत पाणी देणारा किंवा पुरात धावून जाणारा तरुण आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुसंग्रहालयात त्याचे काय काम, असे पुष्कळांस वाटते. माझ्या मते तेथे मोठे काम पडलेले आहे आणि ते मुलांना विशेष साधण्याजोगे आहे.

पुण्याच्या दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, भांडी! लोक ज्याला अडगळ म्हणत, ते त्यांनी जपले. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या. बालपणीच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले. हे काम त्यांना कोणी सोपविलेले नव्हते.

राजूरच्या मुलास पुणे दूर पडते; परंतु अकोले तालुक्यातील जुन्या घरांत अशी सामग्री अजून सापडेल. भाताच्या आवणीत पाठीवर घ्यावयाचे इरलेच घ्या. प्लॅस्टिकच्या कागदाने त्याला मागे सारले. ते उचलून कपाटात ठेवणे सोपे आहे. पण ते कोणी विणले? पाने कोणत्या झाडाची? किती पावसाळे टिकले? ही उत्तरे आजीपाशी आहेत आणि आजी कायमची नाही. उत्तरांवाचून इरले म्हणजे कामट्यांचा जुडगा होय. म्हणून वस्तूला क्रमांक देऊन तिचे नाव, गाव, उपयोग आणि देणाऱ्याचे नाव वहीत नोंदवावे. आजी जो शब्द उच्चारील तोच लिहावा. त्याला पुस्तकी करू नये.

मुलांच्या हातून वस्तू फुटतील, अशी वडीलधाऱ्यांची शंका असते. ती अगदीच खोटी नव्हे. उत्साहाच्या भरात तांब्याचा जुना हंडा चिंचेने घासून लखलखीत कराल, तर त्यावरील काळाची खूण कायमची जाईल! हात आवरणे हीही सेवाच आहे.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणांचा संग्रह उभारला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वस्तूंचा संग्रह कुलपात राहू शकतो. बियाण्याचे तसे नाही. ठेवून ठेवून त्याची उगवणशक्ती जाते. ते जपावयाचे, तर कोणीतरी पुन्हा चिखलात उतरून पेरले पाहिजे.