दुसऱ्याचे विमान पाडल्यावर

दसरा उलटला की मैदाने पुन्हा भरू लागतात. पावसाळाभर घरातल्या टेबलावर बाल्सा, सनपॅक आणि अ‍ॅराल्डाइटच्या संगतीत तयार झालेली विमाने पहिल्या उड्डाणासाठी बाहेर पडतात. त्यांचे नवखे मालक मैदानावरच्या मुरलेल्या हाताकडे वळून म्हणतात, "दादा, मेडन तुम्हीच करून द्या ना." दादा रेडिओ घेतात. विमान उठते, डावीकडे कलते, आणखी कलते आणि गवतात नाक खुपसून थांबते. पुढची दोन मिनिटे सगळेच सभ्य असतात. मालक म्हणतो, "असू दे, होतं असं." दादा म्हणतात, "तुझा सीजी मागे होता." भांडणाची सुरुवात या दुसऱ्या वाक्यात असते. महिन्याभरात दोघे मैदानाच्या दोन टोकांना उभे राहू लागतात आणि मधल्या मंडळींना कोणाकडे आधी जायचे असा पेच पडतो.

मैदानाची रूढी सर्वांना ठाऊक आहे: ज्याने आपणहून रेडिओ दुसऱ्याच्या हातात दिला, नुकसान त्याचे. ही रूढी चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे. ती नसती तर नवख्याचे विमान हातात घ्यायला कोणी धजावलेच नसते. मेडन करून देणाऱ्याच्या पदरात काय पडते? विमान नीट उडाले तर टाळ्या बांधणाऱ्याला, पडले तर बोल उडवणाऱ्याला. त्यात भरपाईचीही भीती घातली तर पुढच्या मोसमापासून शिकवायला कोणी पुढे येणार नाही.

पण याच रूढीचा आडोसा घेऊन काही मंडळी दुसऱ्याच्या विमानावर हौस भागवून घेतात, तर काही मालक आपल्या विमानातली खोड लपवून ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. या दोघांसाठी रूढीला मर्यादा घालणे भाग आहे.

कायद्याची भाषा मैदानावर परकी वाटते. तरीही भारतीय करार कायदा, १८७२ यात आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर लिहून ठेवलेले आहे. एकाची वस्तू ठराविक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि काम झाल्यावर परत यायची असली, की त्या व्यवहाराला वकील मंडळी बेलमेंट म्हणतात. कलम १४८ पासून त्याचे नियम सुरू होतात. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घेणाऱ्याने घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तितकी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर वस्तूचे नुकसान होऊनही तो जबाबदार नाही, असे कलम १५२ सांगते. म्हणजे मैदानाची रूढीच. मालक कोपराशी उभा असताना विमानाचा ताबा खरोखर गेला असे म्हणायचे का, यावर वकील वाद घालतील; घालोत बापडे.

खरी गंमत कलमांखाली दिलेल्या उदाहरणांत आहे. कायदा लिहिणाऱ्यांपुढे तेव्हा विमान नव्हते, राइट बंधूंच्या उड्डाणाला अजून ३१ वर्षे होती, त्यामुळे उदाहरणे घोड्यांची. कलम १५० मधला घोडा खोडकर आहे. मालकाला ते माहीत आहे, पण उसना देताना तो सांगत नाही. घोडा उधळतो, स्वार पडतो आणि जबाबदारी मालकावर येते. कलम १५४ मध्ये दोन घोडे आहेत. एक फक्त घेणाऱ्याच्या बसण्यासाठी दिलेला. तो घरातल्या दुसऱ्या माणसाला बसू देतो, तो माणूस काळजीने चालवतो, तरी घोडा पडून जखमी होतो. भरपाई घोडा घेणाऱ्याने द्यायची. दुसरा घोडा कलकत्त्याहून बनारसला जायला म्हणून भाड्याने घेतलेला. स्वार त्याला घेऊन कटकला जातो आणि तिथे तो पडतो. चालवण्यात कसूर नसली तरी स्वार जबाबदार, कारण ठरलेली वाट त्याने सोडली.

या तीन घोड्यांना आमच्या मते एक नियम जोडावा लागेल, कारण विमानाची दुखणी दोन प्रकारची असतात. काही जमिनीवर उभे राहून दिसतात, काही पोटात दडलेली असतात. दिसणारी न पाहणे हा उडवणाऱ्याचा दोष. दडलेली न सांगणे हा मालकाचा.

उलटा एलेरॉन दिसतो. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर यायला हवा, हे पाहायला दहा सेकंद पुरतात. दुरुस्तीनंतर सर्व्होची दिशा उलटी राहिली आणि दादांनी न पाहता थ्रॉटल दिला, तर "तूच जोडलं होतंस" हे उत्तर चालणार नाही. सीजीही दिसतो. दोन बोटांवर पंख तोलून पाहायला कोणते यंत्र लागते? नेहमीच्या ट्रेनरला तो पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत कुठेतरी असावा. फार मागे असेल तर एलिव्हेटरच्या जरा हालचालीने विमान उसळते आणि सावरता सावरता आणखी बिघडते. हे ज्याला ठाऊक आहे त्याने तोलून न पाहता विमान सोडले असेल, तर कोसळल्यावर सीजीचे नाव घेण्याचा अधिकार त्याने गमावला. रेंज चेकचेही तेच.

दडलेल्या दुखण्यांची यादी मात्र मालकाकडेच असते. मागच्या मोसमात मुळाशी मोडलेला आणि आता कव्हरिंगखाली दिसेनासा झालेला पंख. मधूनच थरथरणारा सर्व्हो. फुगू लागलेली तीन सेलची लिपो, जी जमिनीवर १२.६ व्होल्ट दाखवते आणि पूर्ण थ्रॉटलवर मान टाकते. फेलसेफ सेट न केलेला रिसीव्हर. यातली एकही गोष्ट दादांना बाहेरून दिसण्याजोगी नाही. ती ठाऊक असून सांगितली नाही तर विमान गमावल्याचे दुःख मालकाने स्वतःपाशीच ठेवावे. उडवणाऱ्यालाच इजा झाली, तर खोडकर घोड्याचे उदाहरण तिथेही लागू आहे.

रेडिओच्या आतही बरेच दडलेले असते. मोड १ वर हात बसलेल्याला मोड २ चा रेडिओ दिला तर थ्रॉटल आणि एलिव्हेटरची अदलाबदल होते. हे सहसा कोणीतरी विचारते. एक्स्पोबद्दल मात्र कोणी विचारत नाही. फुटाबात मधली स्टिक मऊ करायला उणे एक्स्पो द्यावा लागतो, स्पेक्ट्रम आणि जेआरमध्ये अधिक. एका कंपनीवरून दुसरीवर गेलेल्या माणसाने जुना आकडा चिन्हासकट तसाच भरला, तर विमान मधोमधच तिखट होते आणि पहिल्यांदा रेडिओ घेणाऱ्याला ते हवेतच कळते. ड्युअल रेटचा स्विच कोणता, थ्रॉटल कट कुठे, हे मालकाने बोटाने दाखवावे. उडवणाऱ्यानेही विचारावे, कमीपणा कसला त्यात?

आता कटकला गेलेल्या स्वाराकडे वळू. मेडन म्हणजे विमान उठवणे, ट्रिम करणे, दोन-चार सरळ फेऱ्या आणि उतरवणे. मालकाने एवढेच मागितलेले असते. त्यावर लूप, रोल, मैदानावरून कमरेइतक्या उंचीवरून एक सपाट्याची फेरी, हे सगळे उडवणाऱ्याच्या पदरचे. त्यात विमान गेले तर ते त्याने भरून द्यावे. तो कितीही ज्येष्ठ असो आणि मालकाने त्या वेळी कितीही टाळ्या वाजवलेल्या असोत. आपल्या हातात दिलेला रेडिओ न विचारता तिसऱ्याच्या हातात सरकवणाऱ्यालाही हाच न्याय.

मागितले कोणी, हेही पाहिले पाहिजे. "तुम्ही उडवून द्या" म्हणणारा मालक आणि "जरा मला दे ना" म्हणणारा पाहुणा यांना एका मापाने मोजता येत नाही. कायदा हा फरक फारसा करत नाही. आमचा कौल असा, की मागून घेतलेले विमान पाडणाऱ्याने दुरुस्तीचा भार उचलावा आणि मालकाला तो मागण्याची वेळ येऊ देऊ नये. मालकाने कौतुकाने भाच्याच्या हातात स्टिक दिल्या असतील तर प्रश्नच नाही, सगळे त्याच्या माथी.

बडी बॉक्सवर शिकवताना शिक्षकाच्या बोटाखाली स्विच असतो. तो सोडताच ताबा त्याच्याकडे परत येतो. त्यामुळे विद्यार्थ्याची चूक हा तिथे बचाव होऊ शकत नाही. स्विच कधी सोडायचा हे ओळखण्यासाठीच तर शिक्षक उभा आहे. जुन्या केबलच्या जोडणीत विद्यार्थ्याच्या रेडिओचे ट्रिम आणि रिव्हर्सही लागू होतात. ते जमिनीवर जुळवून घेण्याचे कामही शिक्षकाचेच.

विमानाला किंवा रेडिओला हात न लावताही दुसऱ्याचे विमान पाडता येत असे, हे ज्येष्ठांना आठवत असेल. ७२ मेगाहर्ट्झच्या दिवसांत बोर्डावरची चिमटी न घेता कोणी त्याच चॅनेलचा रेडिओ चालू केला, की वरचे विमान गेलेच. त्या अपघाताबद्दल कधी वाद झाला नाही. चिमटीशिवाय रेडिओ चालू करणाऱ्याने पैसे मोजायचे. २.४ गिगाहर्ट्झ आल्यावर हा प्रकार संपला. हवेतल्या हवेत दोन विमाने आदळली तर ज्याने त्याने आपापले तुकडे वेचावेत, हा जुना शिरस्ता ठीकच आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संघांनी मात्र हा विषय गंभीरपणे घ्यावा. स्पर्धेसाठी विमान बांधायचे विद्यार्थ्यांनी आणि उडवायला बाहेरचा वैमानिक आणायचा, हे आता सर्रास चालते. विमानात वर्गणीचे पैसे असतात, संस्थेचे असतात, सबंध सत्राचे जागरण असते आणि वैमानिकाने ते विमान आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलेले असते. त्याला मानधन द्यायचे असेल तर एका पानावर लिहून घ्या: किती उड्डाणे, किती वजनाने, वारा किती वाढला तर नाही म्हणायचे आणि विमान गेले तर कोणाचे. मानधन नसले तरी "नाही" म्हणण्याचा त्याचा हक्क आधी मान्य करा. स्पर्धेच्या वेळापत्रकाच्या रेट्याखाली "उडव रे, बघू काय होतं" म्हणणाऱ्या संघाने नंतर वैमानिकाकडे बोट दाखवू नये.

येथवरचे सारे दोघांमधले झाले. विमान तिसऱ्यावर पडले तर हिशेब बदलतो. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतची नॅनो विमाने वगळता तृतीय पक्षाच्या विम्याला आणि भरपाईला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या तरतुदी लागू होतात. अपघाताची खबर ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर देण्याचे काम नियमांनी रिमोट पायलटवर टाकले आहे, म्हणजे ज्याच्या हातात स्टिक होत्या त्याच्यावर. हयगयीने कोणाचा जीव धोक्यात आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागले, तरी प्रश्न आधी त्यालाच विचारले जातील. "विमान माझं नव्हतं" हे उत्तर मैदानाच्या कुंपणाबाहेर फारसे उपयोगाचे नाही. आणखी एक गैरसमज काढून टाकायला हवा: तृतीय पक्षाचा विमा तुमच्या विमानाचा एक पंखही भरून देत नाही.

भरपाई द्यायची तर कशात? सनपॅकचा ट्रेनर एका संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. त्याचा प्रोपेलर आणि वाकलेला शाफ्ट एवढे आणून दिले तरी पुरे. बाल्साचे विमान म्हणजे कित्येक महिन्यांचे काम असते आणि त्या महिन्यांना बाजारात किंमत नाही. तिथे नोटा पुढे करण्यापेक्षा दोषी माणसाने सामान घेऊन मालकाच्या टेबलापाशी येऊन बसावे आणि रिब कापायला लागावे, हे आम्हाला जास्त योग्य वाटते. मालकानेही चार मोसम वापरलेल्या मोटरच्या जागी नवी कोरी मोटर मागू नये.

विमान पडल्यावर आधी बॅटरी काढा आणि तुकडे उचलण्यापूर्वी फोटो घ्या. एजटीएक्स किंवा ओपनटीएक्सचा रेडिओ असेल आणि लॉगिंग चालू ठेवले असेल, तर उड्डाणाची नोंद एसडी कार्डवर सापडते. व्होल्टेज आधी कोसळले की स्टिक आधी हलली, हे त्यावरून बऱ्याचदा कळते. निदान तोवर कोणी कोणाला दोष देऊ नये.

क्लबांना आमची विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी सुरू होण्याआधी आपापल्या मैदानाचा नियम चार ओळींत लिहून पिट्सजवळ लावा: रेडिओ देताना मालकाने काय सांगायचे, घेणाऱ्याने काय पाहायचे, विमान पडले तर कोणी काय करायचे. ज्यांच्याकडे असा फलक आधीपासून आहे त्यांनी त्याचा मजकूर आमच्याकडे पाठवावा. आमच्या मताशी तो जुळत नसला तरी पुढच्या अंकात जसाच्या तसा छापू.