'आपली माणसं' म्हणजे कोण?

शनिवार पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या नेपाळी वॉचमनकाकांना सगळे 'बहादूर' म्हणतात. चार वर्षं मीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव वेगळंच आहे, हे मला त्यांच्या पार्सलवर वाचून कळलं. मुलगा मराठी शाळेत दहावीला; त्याचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. तरी त्यांनी रिकामी खोली भाड्याने मागितली, तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उत्तर आलं, "आपल्याच माणसांना देऊ."

१९५०च्या भारत-नेपाळ कराराने त्यांना इथे राहायचा, घर घ्यायचा हक्क दिलाय. आणि 'आपली माणसं' तरी कुठली? १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घालणाऱ्या बाजीरावाचे वडील श्रीवर्धनहून नशीब काढायला घाटावर आलेले. त्यांना कुणी 'मूळचे कुठले?' म्हणून खोली नाकारली नसावी.

"हे लोक मिसळत नाहीत हो." गणपतीत रात्रभर मांडव राखतात, वर्गणी देतात, पोराला आरत्या पाठ आहेत. अजून किती मिसळायचं? न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलाय, हा मात्र घोर अन्याय, यावर त्याच मीटिंगमध्ये एकमत!

मी तेव्हा गप्प बसलो होतो. खोली अजून रिकामी आहे. रविवारी पुन्हा मीटिंग आहे. विषय मी काढणार, काकांचं खरं नाव घेऊन.